हिशेब पेशंटपासून लपवू नका

"आपल्या पेशंटला हा हिशेब झेपायचा नाही." इन्सुलिन सुरू करताना ताटातलं अन्न आणि सुईतला डोस यांचं नातं पेशंटला बसवून समजावून सांगा, असं म्हटलं की हे उत्तर ठरलेलं. असं म्हणणारी माणसं बेजबाबदार नसतात. त्यात वर्षानुवर्षं ओपीडी उपसणारे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, माझ्याच क्षेत्रातले आहारतज्ज्ञही असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कार्ब मोजणं वगैरे शिकल्यासवरल्या, पाकिटावरचं लेबल वाचणाऱ्या लोकांसाठी. आपल्याकडे ठरलेला डोस लिहून द्यावा, 'गोड बंद, भात बंद, बटाटा बंद' एवढं पथ्य सांगावं आणि पंधरा दिवसांनी बोलवावं. सोपं ठेवलं की चुका कमी होतात.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं रोजचं काम याच पेशंटच्या ताटाशी आहे. सोपं ठेवायला माझी हरकत नाही. पण या पद्धतीत अवघड भाग नाहीसा होत नाही. तो पेशंटच्या नजरेआड ढकलला जातो आणि त्याचे भोग पेशंटच्या वाट्याला येतात.

मूळ समजूतच तपासून पाहू. ठरलेल्या डोसमध्ये हिशेब नसतो, असं मानलं जातं. समजा चिठ्ठीवर ३०/७० चं मिश्र इन्सुलिन आहे, सकाळी २० युनिट, रात्री १२. टाइप २ च्या कितीतरी पेशंटचं इन्सुलिन आपल्याकडे असंच सुरू होतं. त्या एका बाटलीत दोन इन्सुलिनं असतात. ३० टक्के असतं साधं, म्हणजे रेग्युलर. ते अर्ध्या तासात कामाला लागतं, दोन ते चार तासांनी जोरात असतं आणि सहा-आठ तासांत ओसरतं. उरलेलं ७० टक्के एनपीएच. ते तास-दोन तासांनी सुरू होतं, चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा भर असतो आणि बारा ते अठरा तास ते अंगात राहतं. सकाळी आठला सुई घेतली की नाश्ता पहिल्या भागाच्या वाट्याला आणि दुपारचं जेवण दुसऱ्याच्या. म्हणजे दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन सकाळी आठलाच टोचून झालेलं असतं. ते परत काढून घेता येत नाही. एक-दीडला जेवण पोटात पडेल, त्यात अमुक इतकी कर्बोदकं असतील, हे गृहीत धरूनच ते २० युनिट लिहिलेले असतात. हिशेब पुरता झालेला असतो. तो ज्याच्या पोटाचा आहे त्याला सांगितलेला नसतो, इतकंच.

आता खुरपणीला गेलेल्या बाईचा दिवस बघा. सकाळी सुई, चहा, अर्धी भाकरी. मुकादम दोनशिवाय जेवायला सोडत नाही. साडेबाराच्या सुमारास घाम फुटतो, हात कापायला लागतात, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. बाजूची म्हणते, ऊन लागलं, सावलीत बस. ऊन लागलेलं नसतं. सकाळच्या एनपीएचचा भर सुरू झालेला असतो आणि त्याच्या वाट्याचं जेवण अजून फडक्यात बांधलेलं असतं. तिला कुणी एवढंच सांगितलं असतं की तुमच्या दुपारच्या जेवणाची सुई सकाळीच होऊन जाते, तेव्हा अकराला काहीतरी खा आणि जेवण एकच्या पुढे ढकलू नका, तर तिने मुकादमाशी भांडून ते केलं असतं. पण तिला सांगितलं होतं, भात बंद.

आणि पथ्याचं काय होतं? इन्सुलिन लागलं म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, अशी धास्ती घरात पसरते. सगळं घर पथ्याच्या मागे लागतं. परवापर्यंत तीन पोळ्या, वर भात खाणारा माणूस एक भाकरी आणि मेथीच्या भाजीवर येतो. डोस मात्र परवाच्या ताटामुळे चढलेल्या साखरेवर बेतलेला असतो. त्यात ग्लिमेपिराइडची जुनी गोळी कुणी थांबवायला सांगितली नाही म्हणून चालूच असते, आणि ती गोळीही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते. चौथ्या-पाचव्या दिवशी शुगर ५५. घरात रडारड. "यांना इन्सुलिन सोसत नाही," असा निकाल लागतो आणि बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते. पुढच्या फेरीत शुगर साडेतीनशे, आणि फाइलवर शेरा, की पेशंट ऐकत नाही.

हा शेरा वाचला की मला संताप येतो. त्या माणसाने सांगितलेलं सगळं ऐकलं म्हणून त्याची शुगर उतरली. भात बंद म्हटलं, त्याने भात बंद केला. वीस युनिट म्हटलं, त्याने वीस घेतले. दोन्ही आज्ञा एकमेकींच्या विरोधात आहेत हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. ज्यांना कळत होतं, ते बोलले नाहीत.

ठरलेला डोस सुरक्षित असतो, हा बचाव इथेच गळून पडतो. डोस ठरलेला असेल तर ताटही ठरलेलं हवं, वेळही ठरलेली हवी. तिन्ही मिळून ती पद्धत सुरक्षित होते. तिन्हींतलं एकच लिहून द्यायचं आणि उरलेल्या दोन गोष्टींवर मोघम पथ्य सांगायचं, याला सुरक्षितता कशी म्हणावी?

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. टाइप २ मध्ये सुरुवात रात्रीच्या एकाच लांब पल्ल्याच्या इन्सुलिनने केली, ग्लार्जिनसारख्या, दिवसाला १० युनिट किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट, तर ग्रॅम मोजायची फारशी गरज पडत नाही. ते इन्सुलिन जेवणासाठी नसतंच. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं, तिला आवर घालायला ते असतं, आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून ते हळूहळू वाढवतात. पण हेही पेशंटला सांगावं लागतं. नाहीतर 'सुई घेतली, आता खाल्लंच पाहिजे' या भीतीने माणूस झोपताना दूध-बिस्किटं खायला लागतो. आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर आता अंगी लागत असते, त्यात ही रात्रीची भर. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी वाढलं की दोष पुन्हा इन्सुलिनला. जेवणाशी बांधलेलं इन्सुलिन कोणतं आणि न बांधलेलं कोणतं, हे शंभरातल्या शंभर पेशंटना पहिल्याच दिवशी कळायला हवं. त्यासाठी गणितही लागत नाही.

आता 'झेपायचं नाही' याकडे वळते. कोणाला झेपायचं नाही? पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती मिली, एकराला पंप किती, दोन औषधं एकत्र चालतात की नाही, हे शेतकरी रोज ठरवतो आणि चुकला तर पीक जळतं हे त्याला माहीत असतं. डेअरीच्या पावतीवरचं फॅट आणि एसएनएफ बघून आज दर का पडला हे बाई घरात शिरता शिरता सांगते. बचत गटाच्या वहीतलं व्याज तिसरी शिकलेली अध्यक्षा तोंडी काढते. या माणसांना 'या वाटीभर भातात साधारण तीस ग्रॅम' हे शिकवता येत नसेल, तर कमी आपल्या शिकवण्यात आहे.

लेबल नसतं, हाही एक आक्षेप. मला तर उलटं वाटतं. पाकिटातलं खाणाऱ्याला छापलेल्या आकड्यावर विसंबावं लागतं. आपल्या घरात धान्य निवडण्यापासून सगळं हाताखालून जातं. पीठ किती मळलं, तांदूळ किती धुतले, हे स्वयंपाक करणाऱ्याला विचारलं तर ती मुठीने, वाटीने, चिपट्याने सांगते. फक्त तिला कुणी विचारत नाही. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर तिचे यजमान बसलेले असतात आणि ती मागे, पिशवी धरून उभी.

माझ्या टेबलावर एक साधा डिजिटल वजनकाटा असतो. पेशंटच्या घरून येणाऱ्या बाईला मी पिठाचा डबा पुढे करते आणि म्हणते, रोजच्या एका भाकरीचं पीठ काढा. सोलापूरकडच्या एका आजींनी ओंजळ भरून काट्यावर ठेवली, ७५ ग्रॅम. त्यांच्या सुनेने फुलक्याची कणीक काढली, २५ ग्रॅम. ज्वारी काय, गहू काय, शंभर ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण ७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आजींच्या एका भाकरीत पन्नासेक ग्रॅम, सुनेच्या एका फुलक्यात सतरा-अठरा. आजोबांच्या छापील आहारतक्त्यात लिहिलं होतं, २ पोळ्या किंवा १ भाकरी. सुनेच्या हातच्या दोन पोळ्या म्हणजे ३५ ग्रॅम, आजींची एक भाकरी म्हणजे ५०. स्वयंपाक कोणी केला त्यावर आजोबांची रात्रीची साखर हलत होती आणि आजोबा म्हणत होते, भाकरीने साखर वाढत नाही असं टीव्हीवर सांगतात. भाकरी चांगलीच. तिच्यात चोथा आहे, ती पोटात सावकाश उतरते. पण पन्नास ग्रॅम म्हणजे पन्नास ग्रॅम. आजींना हे समजायला काट्यावरचा आकडा पुरला. त्यांनी आपणहून विचारलं, "मग ह्यांची भाकरी लहान थापू का, का सुई वाढवायची?" इन्सुलिनच्या उपचारातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे हा. तो विचारणाऱ्या बाईला काय झेपायचं नाही?

जेवणापुरतं झटपट इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी यापुढची पायरीही अवघड नाही. दिवसभराच्या एकूण युनिटनी ५०० ला भागायचं. एकूण ४० युनिट घेणाऱ्याला उत्तर येतं साडेबारा, म्हणजे एक युनिट साधारण साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना पुरतं. सुनेच्या दोन फुलक्यांना पावणेतीन युनिट, आजींच्या भाकरीला चार. हा सुरुवातीचा अंदाज असतो. जेवणाआधीच्या आणि दोन तासांनंतरच्या तपासण्या बघून डॉक्टर तो त्या माणसापुरता पक्का करतात. डोस मनाने बदलू नये, हे मी स्वतः प्रत्येकाला बजावते. पण मनाने बदलणं वेगळं आणि आखून दिलेल्या मर्यादेत समजून बदलणं वेगळं.

प्रत्येकाने ग्रॅमचे आकडे पाठ करावेत, असंही माझं म्हणणं नाही. मिश्र इन्सुलिनवरच्या सत्तरीतल्या माणसाला रोजचं ताट सारखं ठेवायला शिकवलं की पुष्कळ झालं: भाकऱ्या तेवढ्याच, भाताची वाटी तीच, वेळ तीच. मोजायचं एकदा, मग ते पाळायचं. पण तेही 'भात बंद'मध्ये बसत नाही. त्याच्या डोसमध्ये त्या वाटीभर भाताचा वाटा धरलेला असेल तर भात खाल्लाच पाहिजे, किंवा डोस तरी कमी करून घेतला पाहिजे.

पेशंटला शिकवणं हे काही आत्ताच आलेलं खूळ नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत हाच उपाय होता. मुलं हाडांचे सापळे होऊन थोडी अधिक जगत. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि १९२३ मध्ये इन्सुलिनमुळे वाचले. १९२५ मध्ये त्यांनी 'द डायबेटिक लाइफ' हे पुस्तक लिहिलं, डॉक्टरांसाठी आणि पेशंटसाठीही. ताटाचे भाग पाडून जेवण आणि इन्सुलिन यांचा मेळ घालायची त्यांची पद्धत साध्यासुध्या पेशंटला घरी वापरता यावी म्हणूनच होती. त्या काळी घरी साखर तपासायचं यंत्र नव्हतं, लघवी उकळून रंग बघावा लागे. तरी डॉक्टरांना वाटलं, पेशंटला सांगितलं पाहिजे. आज आपल्याकडे यंत्र आहे, पट्टी आहे, फोन आहे, आणि आपण म्हणतो, झेपायचं नाही.

संकष्टीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'रात्री ८, १२ युनिट'. बाई आज्ञाधारक, आठच्या ठोक्याला सुई घेते. चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. तोवर रेग्युलर इन्सुलिनला दीड तास झालेला असतो. आरती करता करता ती खाली बसते. दुपारी खाल्लेल्या साबुदाण्याच्या खिचडीने संध्याकाळपर्यंत साखर वर नेलेली असते, ते निराळंच. कोरड्या साबुदाण्यात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदकंच असतात, आणि उपास म्हणून ते बिनधोक समजलं जातं. यावर आपण काय सांगतो? उपास करू नका. ती मान डोलावते आणि उपास करते, कारण ती चाळीस वर्षं तो करत आलेली आहे. चिठ्ठीवर 'रात्री ८' ऐवजी 'रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास' लिहिलं असतं आणि उपासाच्या दिवशी सकाळचा डोस किती घ्यायचा हे आधी ठरवून दिलं असतं, तर ती वेळ आली नसती.

हे आधी ठरवणं मिश्र इन्सुलिनमध्ये विशेष गरजेचं आहे, कारण एकाच बाटलीतली दोन इन्सुलिनं वेगळी करता येत नाहीत. सगळं घेतलं तर न खाल्लेल्या जेवणाचा भागही अंगात जातो. सगळं टाळलं तर पार्श्वभूमीचं इन्सुलिनही जातं. टाइप १ च्या मुलात तर 'जेवला नाही म्हणून सुई दिली नाही' ही चूक जिवावर बेतते. ताप आहे, उलट्या आहेत, पोटात अन्न नाही, आणि इन्सुलिन पूर्ण थांबलं, की शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन साठतात, मूल धापा टाकत आयसीयूत पोचतं. जेवणाचं इन्सुलिन थांबवता येतं, पार्श्वभूमीचं थांबवता येत नाही, हे एक वाक्य त्या आईला ठाऊक हवं. हे तिला झेपणार नाही असं ठरवणाऱ्यांनी तिच्या मुलाच्या वतीने केवढा निर्णय घेतला, याचा विचार करावा.

लो शुगरचंही तसंच. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर, तीन चमचे पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. दोन मिनिटांत सांगून होतं. तरी इन्सुलिन सुरू होऊन वर्ष झालेल्या घरांतून मला पेढ्याचंच उत्तर मिळतं.

डॉक्टरांकडे वेळ नाही, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगितलं, गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के निघालं. एका सकाळी सत्तर-ऐंशी पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने प्रत्येकासोबत अर्धा तास बसावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण शिकवणं डॉक्टरनेच केलं पाहिजे, असं कुठे आहे? सिस्टर शिकवू शकते, आहारतज्ज्ञ शिकवू शकते. सरकारी असंसर्गजन्य आजारांच्या दवाखान्यांच्या आराखड्यात समुपदेशकाची तरतूदच आहे. दहा पेशंट एकत्र बसवून शिकवता येतं, आणि एकमेकांच्या डब्यावरून ते जास्त शिकतात. डॉक्टरने करायचं ते इतकंच, की त्या माणसाला शिकवणीला बसवल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन सुरू करायचं नाही. शुगर फार वर असेल, थांबणं शक्य नसेल, तर सुई आज आणि शिकवणी याच आठवड्यात.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना. हिशेब शिकवला की पेशंट काहीही खात सुटेल, गोडाला परवाना मिळेल. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या पद्धतीवरून इंग्लंडमध्ये 'डॅफ्ने' नावाचा पाच दिवसांचा वर्ग सुरू झाला. टाइप १ च्या प्रौढांना त्यात हवं ते खा आणि त्याप्रमाणे डोस घ्या असंच शिकवलं. २००२ मध्ये त्याची चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. सहा महिन्यांनी शिकलेल्यांचं एचबीएवनसी न शिकलेल्यांपेक्षा साधारण एका टक्क्याने खाली होतं, गंभीर लो शुगरचे प्रसंग वाढलेले नव्हते, आणि माणसं जास्त समाधानी होती. मोकळीक मिळूनही साखर सुधारली. आपल्याकडे दिवाळीत टाइप १ च्या मुलाला करंजी द्यायचीच नाही असं सांगितलं जातं. मूल ती मावशीकडे खातं, मित्राकडे खातं, आईला सांगत नाही आणि त्या करंजीपुरतं इन्सुलिन त्याला मिळत नाही. हिशेब शिकलेलं मूल येऊन सांगतं, आई, एक खाणार आहे, किती घेऊ?

म्हणून डॉक्टरांकडे माझं मागणं अगदी छोटं आहे. 'रात्री ८, १२ युनिट' याच्या जागी 'रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास, १२ युनिट. ताटात दोन फुलके आणि एक वाटी भात धरला आहे. जेवण यापेक्षा कमी असेल किंवा उपास असेल तर आधी फोन करा' एवढं मराठीत लिहून द्यायला किती सेकंद लागतात, ते उद्याच्या ओपीडीत घड्याळ लावून बघा.